ताईच्या अंजिराची पुडी

अंजिराची बाग होती. बागेला बांध होता. बांधात बीळ होतं. बिळात कोण होतं?

बिळात चुंद्या होता.

चुंद्या म्हणजे चिचुंद्रीचं पिल्लू. अंगठ्याएवढं. नाक लांब, डोळे बारीक. त्याला दिसायचं थोडं आणि वास यायचा खूप.

चिचुंद्रीची पिल्लं कशी चालतात, ठाऊक आहे? एकामागे एक, शेपटी धरून. पुढे आई. आईची शेपटी ताईच्या तोंडात. ताईची शेपटी चुंद्याच्या तोंडात. तुरुतुरु, तुरुतुरु. निघाली आगगाडी बांधावरून. चुंद्याला रस्ता शोधावा लागत नसे. शेपटी धरली की झालं. ताई जाईल तिकडे चुंद्या.

पण ताई आजारी पडली. तिचं अंग तापलं. ताई उठेना. आई तिच्याजवळ बसून राहिली. आगगाडी थांबली.

ताईकडे एक पुडी होती. हिरव्या पानाची. पुडीत एक अंजीर. सगुणाक्काच्या पाटीतून ते पडलं होतं आणि ताईला सापडलं होतं. सगुणाक्का बाग राखायची. अंजीर बाजारात धाडायचं असलं की ती एकेक अंजीर पानात बांधायची. उघड्या अंजिराला लगेच बुरशी येते. पांढरी पांढरी, मऊ मऊ. ती अंजीर खाऊन टाकते. पुडीतलं अंजीर मात्र टिकतं.

ताई हळू आवाजात म्हणाली, "चुंद्या, पुडी सांभाळ. मी उठले की दोघं खाऊ."

चुंद्या म्हणाला, "सांभाळतो."

आणि त्याने सांभाळली. थोडा वेळ.

मग त्याने पुडी हुंगली. पानाला कडू कडू वास. अंजिराचा वास येईना. चुंद्या घाबरला. आत अंजीर आहे ना? त्याने पुडी ओढत बिळाच्या तोंडाशी आणली. जरा उघडली. आणखी जरा उघडली. अंजीर होतं की आत. गोड वास आला.

आणि वारा आला. सूं सूं सूं.

पान उडालं. गेलं.

अंजीर उघडं पडलं.

आता बुरशी येणार. अंजीर खाणार. मग ताई उठून काय खाईल? आणि खायला काही नसलं, तर ताई उठेल का?

चुंद्याने अंजीर सावलीत ढकललं. पान आणायला निघाला. पण पुढे कुणीच नव्हतं. चुंद्या एकटा कधी चाललाच नव्हता. चालायचं कसं?

त्याने गवताचं एक लांब पातं तोडलं. एक टोक तोंडात धरलं. दुसरं टोक पुढे डुलू लागलं. डुलू डुलू. ताईच्या शेपटीसारखं.

मग पाय चालले. तुरुतुरु, तुरुतुरु.

चुंद्या पळसाकडे आला. पातं खाली ठेवलं. म्हणाला,

"पळसदादा, पळसदादा, पान दे.
पानात अंजीर बांधीन.
अंजीर ताईला देईन."

पळस म्हणाला, "पान देईन, पण ते मोडेल. बघ, किती वाळलोय मी. मुळाशी पाणी नाही. पाटाला सांग, वाहा म्हणावं."

पातं उचललं. तुरुतुरु, तुरुतुरु. ऊन चढलं. अंजीर उघडं.

चुंद्या पाटाकडे आला. पाटात पाणी होतं नुसतं टिप... टिप. पातं खाली ठेवलं. म्हणाला,

"पाटबाबा, पाटबाबा, वाहा.
पाट वाहील, पळस पिईल.
पळस पिईल, पान देईल.
पानात अंजीर बांधीन.
अंजीर ताईला देईन."

पाट म्हणाला, "वाहू कसा? माझ्यात म्हैस बसलीय. आडवी. सगळं पाणी तिच्यामागे अडलंय. तिला सांग, ऊठ म्हणावं."

पातं उचललं. तुरुतुरु, तुरुतुरु. ऊन आणखी चढलं. अंजीर उघडं.

चुंद्या म्हशीकडे आला. म्हैस रवंथ करत होती. करर्र करर्र. तिने नाक मुरडलं आणि विचारलं की हा वास कसला येतोय. चुंद्याने सांगितलं, माझाच आहे. चिचुंद्रीला असा वास असतोच. म्हैस म्हणाली, बरं, मग लांबून बोल.

पातं खाली ठेवलं. लांबून म्हणाला,

"म्हैसमावशी, म्हैसमावशी, ऊठ.
म्हैस उठेल, पाट वाहील.
पाट वाहील, पळस पिईल.
पळस पिईल, पान देईल.
पानात अंजीर बांधीन.
अंजीर ताईला देईन."

म्हैस म्हणाली, "माझ्या पोटाला गोचीड लागलीय. चिखलात बसले की चावत नाही. उठले की चावते. बगळ्याला सांग, ये म्हणावं. त्याने गोचीड टिपली की उठते."

पातं उचललं. तुरुतुरु, तुरुतुरु. ऊन डोक्यावर आलं. अंजीर उघडं.

चुंद्या बगळ्याकडे आला. बगळा एका पायावर उभा होता. डोळे मिटून. पातं खाली ठेवलं. म्हणाला,

"बगळेकाका, बगळेकाका, ये.
बगळा येईल, म्हैस उठेल.
म्हैस उठेल, पाट वाहील.
पाट वाहील, पळस पिईल.
पळस पिईल, पान देईल.
पानात अंजीर बांधीन.
अंजीर ताईला देईन."

बगळा म्हणाला की तो ध्यान करतोय, आत्ता येता येणार नाही. चुंद्या तिथेच थांबला. बगळ्याने एक डोळा उघडला. चुंद्या अजून तिथेच.

मग बगळा हळूच म्हणाला, "ध्यान कसलं बाबा. पायात केळीचा धागा अडकलाय. हा बघ, बुंध्याला गुंतलाय."

चुंद्याने धाग्याला दात लावले. ओढलं. धागा आणखी आवळला. बगळा ओरडला, "ओय ओय, सोड. तुझं काम नाही ते. सगुणाक्काला सांग. तिची बोटं हुशार आहेत."

पातं उचललं. पण पाय चालेनात.

सगुणाक्का म्हणजे माणूस. माणसं चिचुंद्री दिसली की केरसुणी उचलतात. आईने हे कितीदा सांगितलं होतं.

चुंद्याला अंजीर आठवलं. ताई आठवली. मग पाय चालले. पण हळू. तुरु... तुरु... तुरु. ऊन उतरलं. अंजीर उघडं.

सगुणाक्का झाडाखाली बसली होती. पुढ्यात दगडी खल. हात कोपरापर्यंत पिवळे. खलात ओली हळद. कुट कुट, कुट कुट. आणि शेजारी केरसुणी.

चुंद्या अंग चोरून उभा राहिला. सगुणाक्काने बघितलं. म्हणाली, "कोण रे ते? चिचुंद्रीचं लेकरू? आणि एकटंच? तुझी रांग कुठं गेली?"

चुंद्याच्या तोंडातून पातं पडलं.

"ताई निजलीय," तो म्हणाला.

सगुणाक्काने कोपराने केरसुणी लांब सरकवली. म्हणाली, "बोल बाळा."

चुंद्या म्हणाला,

"सगुणाक्का, सगुणाक्का, धागा सोडव.
धागा सुटेल, बगळा येईल.
बगळा येईल, म्हैस उठेल.
म्हैस उठेल, पाट वाहील.
पाट वाहील, पळस पिईल.
पळस पिईल, पान देईल.
पानात अंजीर बांधीन.
अंजीर ताईला देईन."

सगुणाक्का म्हणाली की धागा काय, चुटकीसरशी सोडवीन. पण हळद भिजवली की उठायचं नसतं. लेप पुरा झाल्याशिवाय उठलं तर हळद सुकते, फुकट जाते.

"आणि लेप पुरा होत नाही," ती म्हणाली, "कडुनिंबाचा पाला संपलाय. झाड उंच, माझा हात पोचत नाही. तू त्याला सांग, पाला टाक म्हणावं. आणि तुला एक सांगते. नुसत्या पानाने अंजीर टिकत नाही रे. पानाला हा लेप लावावा लागतो. हळदीचा आणि कडुनिंबाचा. म्हणून तर बुरशी लांब राहते."

आता कळलं. पुडीला कडू वास का होता, ते आता कळलं.

पातं उचललं. तुरुतुरु, तुरुतुरु. सावल्या लांब झाल्या. अंजीर उघडं.

चुंद्या कडुनिंबाकडे आला. मान वर केली. आणखी वर केली. झाड काही संपेना. पातं खाली ठेवलं. म्हणाला,

"कडुनिंबआजोबा, कडुनिंबआजोबा, पाला टाका.
पाला पडेल, लेप होईल.
लेप होईल, धागा सुटेल.
धागा सुटेल, बगळा येईल.
बगळा येईल, म्हैस उठेल.
म्हैस उठेल, पाट वाहील.
पाट वाहील, पळस पिईल.
पळस पिईल, पान देईल.
पानात अंजीर बांधीन.
अंजीर ताईला देईन."

कडुनिंबआजोबांना कमी ऐकू यायचं. ते म्हणाले, "काय? पुन्हा सांग."

चुंद्याने पुन्हा सांगितलं. सगळं. मोठ्याने.

आजोबा म्हणाले, "असं होय. पण मी आपला आपण हलत नाही बाळा. मला वारा हलवतो. सकाळी इथंच होता. मग टेकाडावर जाऊन बसला. त्याला सांग, ये म्हणावं."

वारा. तोच वारा. पान नेणारा.

पातं उचललं. टेकाड चढायला लागला. तुरुतुरु, तुरुतुरु. घसरला. घर्रर्र. पुन्हा चढला. ऊन पिवळं झालं. अंजीर उघडं. बुरशी निघाली असेल. बुरशी पोचली असेल.

टेकाडावर वारा लोळत पडला होता. पातं खाली ठेवलं. आणि त्यावर पाय ठेवला, उडू नये म्हणून. म्हणाला,

"वाऱ्या, वाऱ्या, ये.
वारा येईल, पाला पडेल.
पाला पडेल, लेप होईल.
लेप होईल, धागा सुटेल.
धागा सुटेल, बगळा येईल.
बगळा येईल, म्हैस उठेल.
म्हैस उठेल, पाट वाहील.
पाट वाहील, पळस पिईल.
पळस पिईल, पान देईल.
पानात अंजीर बांधीन.
अंजीर ताईला देईन."

वारा म्हणाला की एवढं लांब जायचा त्याला कंटाळा आलाय. खेळायला काहीच नाही. सकाळी एक पान मिळालं होतं, तेही विहिरीत पडलं.

मग त्याला पातं दिसलं. वारा उठून बसला.

"ते मला दे," वारा म्हणाला. "मग येतो."

चुंद्याने पाय आणखी दाबला. "हे देणार नाही. ही ताईची शेपटी आहे."

"शेपटी? हिरवी?"

चुंद्याने पातं हुंगलं. त्याला गवताचा वास होता. ताईचा नव्हता. दिवसभर तोंडात धरलं, तरी ताईचा नव्हता.

पण हे दिलं, तर पुढे कोण चालणार?

आणि नाही दिलं, तर अंजीर?

चुंद्याने पाय उचलला.

सूं... सूं... सूं... पातं उडालं. वर गेलं. गरगर फिरलं. आणि वारा निघाला.

वारा आला, पाला पडला. सळसळ सळसळ.
पाला पडला, लेप झाला. कुट कुट कुट.
लेप झाला, धागा सुटला. सगुणाक्काची बोटं, चुटकीसरशी.
धागा सुटला, बगळा आला. फडफड फडफड.
बगळा आला, गोचीड टिपली. टक.
गोचीड टिपली, म्हैस उठली. फुर्रर्र.
म्हैस उठली, पाट वाहिला. खळखळ खळखळ.
पाट वाहिला, पळस प्याला. घट घट घट.
पळस प्याला, पानं दिली. एक नाही, दोन. टप. टप.

आणि चुंद्या? चुंद्या धावत होता. पुढे कुणी नव्हतं. तोंडात काही नव्हतं. तरी पाय चालत होते. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु.

चुंद्याने पानं ओढत आणली. सगुणाक्काने एका पानाला लेप लावला. दुसरं कोरं ठेवलं. कोरं आत, लेपाचं बाहेर. चुंद्याला काळजी वाटली. अंजीर कडू झालं तर? ती म्हणाली, नाही होत. कडू वास तेवढा आत जातो. बुरशीला तोच सहन होत नाही. बगळ्याच्या पायातला धागा तिने पुडी बांधायला दिला.

"आता उघडायची नाही, हां," सगुणाक्का म्हणाली.

चुंद्याने विचारलं, "मग आत अंजीर आहे का, ते कसं कळणार?"

"तू बांधलंस ना? मग आहे."

चुंद्या बिळाशी आला. धापा टाकत. अंजीर सावलीतच होतं. त्याने हुंगलं. गोड वास. आणि देठापाशी... एक ठिपका. पांढरा. खसखशीएवढा.

बुरशी आली होती.

चुंद्याने देठाचं टोक कुरतडलं. कुर्र कुर्र. ठिपका सगळा काढला. थू करून लांब टाकला. मग अंजीर कोऱ्या पानात ठेवलं. वरून लेपाचं पान. आईने धागा धरला, चुंद्याने गाठ मारली. घट्ट.

पुडी झाली.

सकाळ झाली. ताई उठली नाही.

चुंद्याने पुडी हुंगली. कडू वास. बाकी काही कळेना. उघडून बघावी? जराशी?

"मी बांधलं ना? मग आहे."

आणखी एक सकाळ झाली. ताई उठली नाही. ताईचं अंग अजून गरम. चुंद्याने पुडी हुंगली. कडू वास. पंजा गाठीवर गेला.

"मी बांधलं ना? मग आहे."

पंजा मागे घेतला.

आणखी एक सकाळ झाली. ताई उठली नाही. चुंद्या पुडीला टेकून बसला. उघडली नाही. नुसता बसला. ताईचा श्वास ऐकत. हळू आत. हळू बाहेर. आहे. आहे. आहे.

बसल्या बसल्या त्याला झोप लागली.

कुणीतरी त्याचं नाक हुंगलं. हुंग हुंग.

"चुंद्या," ताई म्हणाली, "भूक लागली. अंजीर आहे का?"

चुंद्याने पुडी पुढे ढकलली. गाठ सोडली. बाहेरचं पान उघडलं. आतलं पान उघडलं. त्याने डोळे गच्च मिटून घेतले. नाक मात्र मिटता येत नाही.

गोड वास आला. गोड, गोड वास. बिळभर.

अंजीर होतं. जसंच्या तसं. फोडलं तर आत लालेलाल. एक घास ताईला. एक घास चुंद्याला. एक घास आईला. मग पुन्हा एक घास ताईला, आणि पुन्हा ताईला.

मग आई बिळाबाहेर आली. ताईने आईची शेपटी धरली. ताई जरा डुलत होती, पण उभी होती. तिने मागे वळून बघितलं.

"धर," ताई म्हणाली.

चुंद्याने धरली. तिला ताईचा वास होता.

तुरुतुरु, तुरुतुरु. आगगाडी निघाली बांधावरून.

तेवढ्यात वारा आला. सूं सूं. त्याच्याकडे गवताचं पातं होतं. थोडं सुकलेलं. वारा म्हणाला, "घे रे तुझी शेपटी. माझं खेळून झालं."

चुंद्या काही बोलला नाही.

वारा म्हणाला, "अरे, बोलत का नाहीस?"

चुंद्या बोलणार कसा? तोंड उघडलं तर शेपटी सुटेल.

मग वाऱ्याने पातं टाकून दिलं. आणि चुंद्याची शेपटी धरून तोही मागे मागे निघाला.

पुढे आई, मग ताई, मग चुंद्या, मग वारा. अंजीर संपलं, पण ओठ अजून गोड आहेत. बघा चाटून.